पतिरामच्या वहीतला आकडा

वैशाख पौर्णिमा, बुद्धवर्ष २५५३
(इंग्रजी ९ मे २००९, शनिवार)

विहारात वंदना झाली, खीर झाली, आणि अकरा वाजता संस्थेच्या कार्यालयात जाऊन मी थोरल्या यंत्राचं बटण दाबलं. सदुसष्टाव्या वर्षी माणसं नातवंडांची बारशी करतात. मी आज चौदा शाळांचं केलं.

आधी नागपूरच्या त्या कंपनीला शिव्या घालून घेतो, म्हणजे हात मोकळा होईल. आमच्या संस्थेच्या चौदा शाळा, एक वेबसाइट, प्रत्येक शाळेला ईमेलचा पत्ता, आणि सगळी नावं त्या कंपनीच्या मुठीत. मार्चमध्ये देवरीच्या शाळेचा एक अंक बदलायचा होता. एक! अकरा दिवस लागले. फोन केला की पलीकडचा पोरगा म्हणायचा, "सर, आपका टिकट रेज कर दिया है." कसलं टिकट? मला काय गाडीत बसायचं होतं? नाव आमचं आणि उभे आम्हीच दाराबाहेर. शेवटी शालीकरामला म्हटलं, हे काम आपण आपल्या घरी करू. शालीकराम संस्थेचा सचिव, माझाच विद्यार्थी. एक कविता कधी चालीत म्हणाला नाही. तो म्हणाला, "देखो गुरुजी, जमलं तं जमलं. नाही तो वापस नागपूर."

जमणार कसं नाही? रिटायर झाल्यापासून नऊ वर्षं मासिकाबरोबर येणाऱ्या सीड्या घालून घालून मी लिनक्स शिकलो. मराठीच्या मास्तरला हे कायले पाहिजे, असं सगळे विचारतात. नावांचा नाद आहे म्हणून पाहिजे. चाळीस वर्षं हजेरी घेतली मी.

काम काय ते लिहून ठेवतो. माणसाला नाव कळतं, यंत्राला अंक. जगात कोणी आमच्या शाळेचं नाव टाकलं की त्याचा अंक सांगणारं कोणीतरी लागतं. ते दोन जण: थोरला गोंदियाच्या कार्यालयात, धाकटा सालेकशाच्या शाळेत. जग कधी याला विचारतं, कधी त्याला. यादी राहते थोरल्याच्या डेटाबेसात, ओळी आणि रकाने, थेट हजेरीपट. धाकटा तासातासाला थोरल्याला पुसतो, "तुझ्या यादीचा आकडा काय?" तो आकडा आपल्याजवळच्यापेक्षा मोठा निघाला तर नवी यादी उतरवून घेतो. नाही तर गप्प बसतो. म्हणून यादी बदलली की आकडा वाढवायचा. पुस्तक म्हणतं, वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसाचा कितवा बदल, असे दहा अंक जोडून लिहा, म्हणजे तो आपोआप वाढत जातो.

मी लिहिला २५५३०५०९०१. छप्पन साली, पंचवीसशे पुरे झाले त्या वर्षी, वडिलांच्या मागं चालत नागपूरला गेलो होतो, चौदा वर्षांचा. तेव्हापासून माझ्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर हेच वर्ष असतं. या यादीवर का नसावं?

धाकटा परवाच लावून आलो असतो, पण गाडी चुकली, काल लावला. त्याच्यावर पतिरामला नेमलं. दरेकशाकडच्या जंगलातला गोंड माणूस, सोळा वर्षांपासून शाळेत रोजंदारीवर चपराशी, आवारातल्या खोलीत बायकोसह राहतो. येत्या एकवीस जूनला संस्थेची सभा आहे, त्यात कायम करायच्या माणसांची यादी मंजूर होईल. पतिरामचं नाव यादीत आहे. पन्नाशीला टेकला, या खेपेला राहिला तर वय निघून गेलं. त्याला शंभर पानी वही दिली आणि सांगितलं, "रोज सकाळी आठ वाजता पडद्यावर पाहायचं. तारीख, दिवा आणि हा आकडा. एक ओळ."

"बस इतकंच जी?"

"इतकंच."

"मंग लिवतो."

संध्याकाळी दोन ओळी सुचल्या:

नाव सांगता अंक मिळावा,
अंकामागे गाव दिसावा.

बायकोला, कलाबाईला, म्हणून दाखवल्या. म्हणते, "चौदा लेकराइचं बारसं केलं जी तुमी, आता पाळना कोन हालवल?"

११ मे, सोमवार

दोन दिवस एकही नाव सापडेना. कारण काय, तर प्रत्येक नावाच्या शेवटी मी टिंब दिलं होतं. जुन्या पद्धतीत, साध्या फाइलीत, ते द्यावंच लागतं. डेटाबेसाच्या तक्त्यात दिलं तर यंत्र वेगळंच नाव समजतं. हे पुस्तकात कुठं लिहिलं आहे? तळटीपेत! ज्यानं ते पुस्तक लिहिलं त्याला माझ्या वर्गात बाकावर उभा केला असता. टिंबं पुसली, पहिला आकडा तोच ठेवला, आणि धाकट्याला यादी इथूनच नव्यानं उतरवायला लावली.

१४ मे, गुरुवार

विजेची लाइन गेली, आली. थोरला उठला आणि मुका बसला. नावं सांगणारा आधी जागा होतो, डेटाबेस मागून डोळे चोळत येतो, तोवर हा "मला ठाऊक नाही" म्हणून मोकळा. सकाळची अख्खी शाळा अशीच असायची आमची आमगावला. मास्तर आले, पण हजेरीपट कपाटात आणि किल्ली हेडमास्तरच्या घरी. दोघांचा क्रम बदलला. आता आधी डेटाबेस, मग हजेरीवाला. सुरळीत.

आमगावची आठवण निघाली की थांबत नाही. बत्तीस पोरं एका सुरात कविता म्हणायची आणि बाजूच्या धानाच्या बांधावरचे बगळे उडायचे. आज कविता कोणी म्हणत नाही. धडा क्रमांक अमुक, प्रश्न क्रमांक तमुक. संताप येतो.

१९ मे, मंगळवार

रचनानं फॉर्म तयार केला. रचना माझी सून, गोंदियाच्या शाळेत संगणक शिकवते. कारकुनांनी थेट डेटाबेसात हात घातला तर सत्यानाश करतील, म्हणून मीच तिला सांगितलं होतं. नाव निवडा, अंक टाका, बटण दाबा. यादीच्या आकड्याचं झंझटही तिनं फॉर्मवर टाकलं. बटण दाबलं की त्या दिवसाची तारीख आपोआप बसते.

"बाबा, आता तुम्हाला आकडा लक्षात ठेवायला नको," म्हणाली.

पोरगी हुशार आहे. तोंडावर मात्र म्हटलं नाही. म्हटलं, फॉर्मवर शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत.

२५ मे, सोमवार

कार्यालयात नवी टेलिफोन लाइन आली, वेबसाइटचं यंत्र तिच्यावर घातलं, त्यामुळं त्याचा अंक बदलला. नागपूरवाले असते तर पुन्हा अकरा दिवस. मी फॉर्म उघडला, नवा अंक टाकला, बटण दाबलं. चार मिनिटं! घरी येऊन पाहिलं, वेबसाइट खटकन उघडली. अंगणात उभा राहून दिंडीच्या चालीत आमच्या दोन ओळी म्हटल्या. मात्रा बसत नव्हत्या, तरी म्हटल्या.

२ जून, मंगळवार

देवरीच्या मुख्याध्यापिका पुष्पाबाई फोनवर ओरडत होत्या. वसतिगृहाचे अर्ज कालपासून वेबसाइटवर भरायचे आहेत आणि त्यांच्याकडं वेबसाइट उघडतच नाही. मी म्हटलं, माझ्याकडं उघडते. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे उघडून काय उपयोग? वसतिगृहात तुम्ही राहणार आहात का गुरुजी?"

अर्ध्या तासानं पुन्हा फोन: उघडली. मग पुन्हा: गेली.

यांना कळफलक धरता येत नाही आणि दोष यंत्राला.

५ जून, शुक्रवार

नऊ शाळांचे फोन. कधी उघडते, कधी नाही. शंभरावर पोरांचे अर्ज अडले. शालीकरामनं तीनदा विचारलं, "क्या हो रहा है गुरुजी?" तिसऱ्यांदा त्यानं गुरुजी म्हटलं नाही.

आज दोघांना वेगवेगळं विचारून पाहिलं. थोरला नवा अंक सांगतो. धाकटा जुना! म्हणजे ज्याचा प्रश्न सालेकशाला गेला तो फसला. अकरा दिवसांपूर्वीची यादी धाकट्यानं उतरवलीच नाही. एकच अर्थ निघतो: तो बंद पडलेला असतो.

सालेकशाला फोन लावला.

"पतिराम, यंत्र बंद होतं का?"

"नाई जी. चालू आहे. हिरवा दिवा लुकलुकून राहिला."

"तिकडं लाइन जात नाही?"

"जाते ना जी. आठ-आठ घंटे जाते."

"मग यंत्र कसं चालू राहतं?"

"बॅटरीवर जी."

शाळेची बॅटरी दोन तास टिकते हे मला काय ठाऊक नाही? तोंडावर खोटं! म्हटलं, आकडा सांग.

"दोन पाच पाच तीन, शून्य पाच, शून्य नऊ, शून्य एक."

"अरे, हा पहिल्या दिवशीचा आकडा आहे!"

"थोच आहे जी. रोज थोच रायते."

फोन आपटला. म्हणजे हा माणूस यंत्राकडं पाहतच नाही. पहिली ओळ लिहिली आणि खाली तीच उतरवत गेला. माझी चौदा शाळांची यादी मी कोणाच्या हातात दिली!

८ जून, सोमवार

शालीकराम म्हणाला, "लिखके दो." लिहून दिलं. "सदर कर्मचारी यंत्र बंद ठेवतो, नोंदवहीत न पाहता खोटी नोंद करतो, आणि विचारणा केली असता असत्य उत्तरे देतो." चांगलं, ठणठणीत वाक्य झालं. असं वाक्य बऱ्याच दिवसांत लिहिलं नव्हतं.

शालीकराम वाचून म्हणाला, "मग एकवीस तारखेच्या लिस्टमधून याचं नाव काटतो."

मी म्हटलं, तो तुमचा प्रश्न.

१० जून, बुधवार

पतिराम आला होता. सकाळच्या पॅसेंजरनं, एका हातात वही, दुसऱ्या हातात पिशवीत चारं, चारोळीची रानफळं. कलाबाईनं चहा दिला, पाट दिला. तो पाटावर बसला नाही.

"गुरुजी, माहं नाव काटून राहिले म्हनतेत. काऊन जी?"

"तूच सांग काऊन."

"मी का सांगू? हे वही पाहा ना तुमी."

वही उघडी करून धरली. मी लांबूनच पाहिली. एकाखाली एक, एकाखाली एक, तोच आकडा. एक अंक इकडचा तिकडं नाही. म्हटलं, "महिनाभर तोच आकडा लिहायला लाज नाही वाटली? पाहून लिहायला सांगितलं होतं."

"दिसते थेच लिवतो जी. दुसरं दिसलं असतं तं दुसरं लिवलो असतो."

"चल, जा."

तो वही मिटून उभा राहिला. म्हणाला, "सोळा वर्षं झाडू मारलो गुरुजी. कोनी मले मोजाले नाई लावलं. पयल्यांदा तुमी लावलं." आणि गेला. चारं ठेवून गेला.

मला राग येतो तो खोटेपणाचा. मी चौथीत होतो तेव्हा मास्तरांनी पाटीवर एक अख्खी कविता आठवून लिहायला लावली. दाराबाहेर, जोड्यांजवळ बसायचो मी. वेलांटीची चूक न करता सोळाही ओळी लिहिल्या. मास्तरांनी दुरूनच पाहिलं आणि म्हणाले, "याला कुठून येणार? पाहून लिहिलं." पाटी पुसायला लावली. जवळ येऊन वाचलीसुद्धा नाही. साठ वर्षं होत आली, ती कविता अजून तोंडपाठ आहे. तेव्हापासून खरं-खोटं मला बरोबर ओळखता येतं.

१२ जून, शुक्रवार

कलाबाई ताट वाढते आणि उठून जाते. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणे, "तुमाले का सांगाचं? तुमाले तं सारं लांबूनच दिसते."

रचना चाचरत म्हणाली, "बाबा, एकदा थोरल्याचा आकडा बघू या का? म्हणजे दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून."

"थोरल्याचा आकडा कोण टाकतो?"

"फॉर्म."

"फॉर्म कोणाचा?"

"माझा."

"मग? तुझा तुझ्यावरच भरवसा नाही?"

ती आत गेली. सगळ्यांना त्या पतिरामचा कैवार. चौदा शाळांचा कोणाला नाही.

१६ जून, मंगळवार

अर्जांची मुदत आठ दिवस वाढवली. शालीकराम म्हणाला, धाकटा जाऊन बघून या आणि लेखी द्या, सभेपुढं ठेवतो. उद्या न कळवता सालेकशाला जाणार. बंद यंत्रासकट पकडतो.

१७ जून, बुधवार

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो. लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

अकराला सालेकशात उतरलो. गावात लाइन नव्हती, पानठेल्यावरचा पंखा बंद. मनात म्हटलं, सापडला. शाळेच्या संगणकखोलीत शिरलो. हिरवा दिवा लुकलुकत होता.

खोलीत मंगली होती, पतिरामची बायको. स्टुलावर बसून यंत्राला पुठ्ठ्यानं वारा घालत होती. मला पाहून उठली.

"पतिराम कुठाय?"

"बॅटरी घेऊन गेले ना जी. गिरनीवर."

"कुठल्या गिरणीवर?"

"धानाच्या. थ्या गिरनीत जनरेटर आहे. एक बॅटरी इथं, एक तिथं भरते. हर दोन घंट्यानं भरलेली आनतेत, उतरलेली नेतेत. सायकलीवर."

"रोज?"

"लाइन रोज जाते तं रोजच ना जी." मग थोडं थांबून म्हणाली, "दुसरी बॅटरी माह्या भावाच्या ट्रॅक्टरची आहे. थो आता मांगून राहिला."

मी खाली बसलो. यंत्राला विचारलं, तू कधीपासून जागा आहेस? यंत्र खोटं बोलत नाही. एकोणचाळीस दिवस, वीस तास. मी आठ मेला दुपारी चालू केला तेव्हापासून एकदाही, एका क्षणालाही, तो बंद पडलेला नाही. माझा गोंदियाचा थोरला एवढ्या दिवसांत सहादा पडला.

मग आकडा पाहिला. पडद्यावर, मोठ्या अक्षरात: २५५३०५०९०१.

दिसते थेच लिवतो जी.

रचनाला मोबाइल लावला. "थोरल्याचा आकडा सांग."

"थांबा हं बाबा… दोन शून्य शून्य नऊ, शून्य सहा, शून्य एक, शून्य दोन."

एक जूनला कारकुनानं वसतिगृहाचं नाव फॉर्मवरून घातलं होतं, त्याचा हा आकडा. फॉर्म पोरीनं पुस्तकाप्रमाणं केला. दोन हजार नऊ. सगळं जग लिहितं तेच वर्ष. धाकट्याजवळ होतं पंचवीसशे त्रेपन्न, मी माझ्या हातानं लिहिलेलं. धाकटा तासातासाला थोरल्याला पुसत होता, तुझा आकडा काय, आणि थोरला दरवेळी पाचशे चव्वेचाळीस वर्षं मागचा आकडा सांगत होता. धाकटा म्हणत होता, माझीच यादी नवी आहे. बरोबर म्हणत होता बिचारा. नियमानं वागत होता. पतिरामही. मंगलीही. या सगळ्या प्रकारात नियमानं वागला नाही तो एकटा मी, खुशाल गुरुजी. पुस्तक वर्ष लिहा म्हणालं आणि मी माझं वर्ष लिहिलं, त्याचं काही वाटत नाही. ते वर्ष माझं आहे आणि राहील. पण कोणाला सांगितलं नाही! सुनेला नाही, कागदावर नाही. आणि तो माणूस चाळीस किलोमीटरवरून वही उघडून दाखवायला आला, तर मी लांबून पाहिली.

जोड्यांजवळ बसणाऱ्या पोराचं अक्षर मास्तरांनीही लांबूनच पाहिलं होतं. आता हे लिहिताना सुचलं. दहा तारखेच्या पानावर ती गोष्ट लिहिली तेव्हा काय झोपेत होतो मी?

रचनाला म्हटलं, "आकडा मागं नेऊ नको. फॉर्ममध्ये वर्षात पाचशे चव्वेचाळीस मिळव." दहा मिनिटांत तिनं केलं. बटण दाबलं: २५५३०६१७०१. आम्ही धाकट्याकडं पाहत बसलो, मी आणि मंगली. तास भरला आणि आकडा बदलला.

मंगली म्हणाली, "आवो, बदलला!" आणि पळत बाहेर गेली, नवऱ्याला सांगायला.

पतिराम सायकल टेकवून आत आला. कॅरिअरला बॅटरी बांधलेली, शर्टावर ॲसिडची भोकं. मी उभा राहिलो. म्हटलं, "चूक माझी होती, पतिराम."

तो बॅटरी सोडत होता. वर न पाहता म्हणाला, "वही तं उघडून पाहाची होती गुरुजी."

१८ जून, गुरुवार

सकाळी दहाला शालीकरामच्या टेबलावर नवा कागद ठेवला. तक्रार परत घेतो, चूक माझी. त्यानं वाचला, चष्मा काढला.

"गुरुजी, जाने दो ना. लिस्ट टाइप होऊन गेली. पतिराम काय, पुढच्या खेपेला पाहू."

"पुढच्या खेपेला त्याचं वय बसणार नाही. तुला ठाऊक आहे."

"मग मी सभेला काय सांगू? शंभर अर्ज लटकले. कोनाचं तरी नाव लिहावंच लागते. पतिरामचं नाही लिहायचं तर तुमचं लिहावं लागेल. अन् तुमचं लिहिलं तर हे दोन्ही डब्बे बंद, सगळं वापस नागपूर. मेंबर लोक सोडनार नाहीत. सोच लो."

मी खिडकीबाहेर पाहिलं. थोरला शेजारच्या खोलीत घरघरत होता. चौदा नावं. चार मिनिटांत अंक बदलायचा. आता तर सगळं ठीक चाललं आहे, कालपासून एकाही शाळेचा फोन नाही! गप्प बसलो असतो तर यंत्रही राहिलं असतं, आणि पतिराम तर गप्पच बसणारा माणूस. असा विचार मी केला. पुसत नाही, लिहून ठेवतो. पुरतं एक मिनिट केला.

मग म्हटलं, "माझं लिही. आणि नीट लिही, 'चूक' मध्ये दीर्घ ऊकार असतो."

२१ जून, रविवार

सभा झाली. पतिराम कायम. नावांचं काम एक जुलैपासून नागपूरला. ठराव एकमतानं. एका मेंबरनं म्हटलं, म्हाताऱ्या माणसांनी आता भजन करावं. मी म्हटलं, मला भजन येत नाही, आर्या येते, म्हणू का? कोणी हसलं नाही.

कलाबाईनं आज पहिल्यांदा समोर बसून जेवू घातलं. नागपूरच्या कंपनीचं टिकट पुन्हा रेज होणार, पुन्हा अकरा दिवस, याचा राग जेवताना इतका आला की ठसका लागला. तिनं पाठीवर थाप मारली. "खा आता मुकाट्यानं," म्हणाली.

३० जून, मंगळवार

धाकटा आणायला सालेकशाला गेलो. रचनाही आली. दुपारी बाराला तिनं बटण दाबलं. पंखा थांबला, दिवा गेला. बावन्न दिवस आणि वीस तास.

पतिरामला म्हटलं, "वही मला दे. माझ्याजवळ ठेवतो."

"नाई जी."

"काऊन?"

"थे माही आहे." मग खोलीतून शाळेचं लाल पेन घेऊन आला आणि वही टेबलावर ठेवली. "सही करा जी. हरेक ओळीपुढं. तुमी मास्तर लोक करता ना, तपासलं म्हनून."

रचना दाराकडं पाहू लागली. पतिराम माझ्या बाजूला उभा राहिला, हात मागं बांधून. मी बसलो आणि वाचू लागलो. तारीख, दिवा चालू, आकडा. सही. तारीख, दिवा चालू, आकडा. सही. एकेक अंक बोट ठेवून वाचला. तो थांबू देईना. एका ओळीवर घाईनं सही केली तर म्हणाला, "हे नाई वाचलं तुमी." वाचलं.

दहा जूनच्या ओळीपाशी आलो. ज्या दिवशी तो माझ्या दारात उभा होता तो दिवस. मला वाटलं ती ओळ कोरी असेल. कोरी नव्हती. अक्षर वेगळं होतं, वाकडं, पाटीवर पहिल्यांदा गिरवावं तसं. एकेक अंक रकान्याबाहेर गेलेला. दिवा चालू. २५५३०५०९०१. आणि पुढं पतिरामच्या अक्षरात, बारीक: "मी गुरुजीकडे गेलो. मंगलीनं पाहून लिवलं."

त्या ओळीपुढं सही केली. तारीख घातली, वर्ष माझंच घातलं.

पतिरामनं पान उलटलं. "अजून वीस आहेत जी."